साउथ कॅरोलिनाच्या दोन खुर्च्या

१९६७ च्या जुलै महिन्यात वॉशिंग्टनमध्ये एका ५९ वर्षांच्या वकिलाची तोंडी परीक्षा चालली होती. परीक्षार्थी होते थर्गुड मार्शल, सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीशपदासाठी अध्यक्षांनी सुचवलेले उमेदवार. परीक्षा म्हणजे सिनेटच्या समितीपुढची सुनावणी. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात ३२ खटले लढून त्यांनी २९ जिंकले होते. गोऱ्या आणि काळ्या मुलांच्या वेगवेगळ्या शाळा घटनाबाह्य ठरवणारा १९५४ चा निकाल त्यांच्याच युक्तिवादावर उभा होता. परीक्षक होते साउथ कॅरोलिनाचे सिनेटर स्ट्रॉम थर्मंड. नागरी हक्कांचं विधेयक रोखायला १९५७ मध्ये सिनेटमध्ये सलग २४ तास १८ मिनिटं बोललेला हा गृहस्थ. तेराव्या घटनादुरुस्तीचा मसुदा कुणी केला? १८६६ साली चौदावी घटनादुरुस्ती मांडणाऱ्या समितीत कोण कोण होतं? असे साठेक प्रश्न. मार्शल शांतपणे सांगत राहिले, आठवत नाही.

या प्रश्नांचा सूर दक्षिणेतल्या कुठल्याही कृष्णवर्णीय माणसाच्या ओळखीचा होता. मतदारयादीत नाव घालायला तो गेला की टेबलामागचा कारकून त्याला घटनेतलं एखादं कलम वाचायला आणि त्याचा अर्थ सांगायला लावी. उत्तर बरोबर की चूक, तेही तो कारकूनच ठरवी. १९६५ च्या मतदान हक्क कायद्याने त्या परीक्षांवर घाव घातला होता. दोन वर्षांनी तीच परीक्षा थेट सिनेटच्या समितीत अवतरली होती.

३० ऑगस्टला मतदान झालं. बाजूने ६९, विरोधात ११. मार्शल सर्वोच्च न्यायालयाचे पहिले कृष्णवर्णीय न्यायाधीश झाले. अमेरिकेत प्रत्येक राज्याला सिनेटच्या दोनच जागा असतात. साउथ कॅरोलिनाच्या दोन्ही सिनेटरांनी, थर्मंड आणि अर्नेस्ट हॉलिंग्ज यांनी, 'नाही' म्हटलं.

२४ वर्षांनी मार्शल निवृत्त झाले. त्यांच्या जागी अध्यक्ष जॉर्ज बुश (थोरले) यांनी क्लॅरन्स थॉमस या दुसऱ्या कृष्णवर्णीय न्यायाधीशाचं नाव पाठवलं. साउथ कॅरोलिनाच्या दोन खुर्च्यांवर तेव्हाही तेच दोघे होते, थर्मंड आणि हॉलिंग्ज. दोघांनीही 'होय' म्हटलं.

राज्य तेच, माणसं तीच, न्यायालयातली जागाही तीच, उमेदवार दोन्ही वेळा कृष्णवर्णीय. उत्तर मात्र उलटं. राज्यशास्त्रात प्रयोगशाळा नसते. एका सिनेटरला परीक्षानळीत घालून फक्त उमेदवाराचा वर्ण बदलून पाहता येत नाही. पण इतिहास कधी कधी बरेच घटक आपणच स्थिर ठेवतो आणि एखाददुसराच हलवतो. हे तसंच एक उदाहरण आहे. हलला होता कोणता घटक?

आधी ही सुनावणी म्हणजे काय ते थोडक्यात. अमेरिकी घटनेनुसार संघीय न्यायाधीश अध्यक्ष सुचवतो आणि सिनेट मान्यता देतं. जाहीर सुनावणीचा घटनेत उल्लेखही नाही. ती आली १९१६ मध्ये, लुईस ब्रँडाइस या पहिल्या ज्यू उमेदवाराच्या वेळी, आणि तेव्हाही ब्रँडाइस स्वतः समितीपुढे आले नव्हते. १९२५ मध्ये हार्लन स्टोन हे समोर बसून उत्तरं देणारे पहिले उमेदवार. हा प्रकार नियमित झाला तो १९५५ पासून, म्हणजे शाळांच्या त्या निकालाच्या पुढच्याच वर्षी. दक्षिणेतल्या सिनेटरांना नव्या न्यायाधीशांना त्याबद्दल जाब विचारायचा होता. थोडक्यात, या व्यवस्थेच्या जन्मातच धर्म आणि वंश आहेत. १९८१ पासून सगळं टीव्हीवर दिसू लागलं. आपल्याकडे कॉलेजियमच्या बंद खोलीतल्या चर्चेतून फक्त ठराव बाहेर येतो. त्यामुळे भावी न्यायाधीशाला लोकांसमोर तीन-चार दिवस भाजून काढणं आपल्याला जरा विचित्रच वाटतं.

आता कोड्याकडे. १९६७ मध्ये विरोधात पडलेल्या ११ मतांपैकी १० डेमोक्रॅट पक्षाची होती, आणि मार्शल यांना सुचवणारे अध्यक्ष जॉन्सनही डेमोक्रॅटच. अकरावं मत थर्मंड यांचं. ते १९६४ पर्यंत डेमोक्रॅट होते आणि नागरी हक्कांवरूनच पक्ष सोडून रिपब्लिकन झाले होते. बाजूने ३७ डेमोक्रॅट आणि ३२ रिपब्लिकन होते. म्हणजे त्या काळी डेमोक्रॅट हे नाव एक आणि पक्ष दोन होते, उत्तरेतला आणि दक्षिणेतला. मतदान पक्षाने फुटलं नाही, नकाशावर फुटलं. कृष्णवर्णीयांची वस्ती सर्वांत दाट त्याच पट्ट्यातून बहुतेक 'नाही' आले, कारण तिथे त्या वस्तीच्या हाती पिढ्यान् पिढ्या मतपत्रिकाच नव्हती.

१९९१ पर्यंत ती हाती आली होती. साउथ कॅरोलिनात लोकसंख्येच्या सुमारे ३० टक्के लोक कृष्णवर्णीय होते, आणि हॉलिंग्ज यांना पुढच्याच वर्षी निवडणूक लढवायची होती. थॉमस कट्टर उजव्या विचारांचे. कृष्णवर्णीयांची सर्वांत जुनी हक्क संघटना एनएएसीपी त्यांच्या विरोधात गेली होती, पण सामान्य कृष्णवर्णीय मतदारांत त्यांना बराच पाठिंबा होता. एकेकाळी हाताखाली काम केलेल्या अनिता हिल यांनी लैंगिक छळाचे आरोप केल्यावर थॉमस यांनी समितीला सुनावलं की हे 'हायटेक लिंचिंग' आहे. लिंचिंग म्हणजे गोऱ्या जमावाने कृष्णवर्णीयाला ठार मारणं. समितीतले सगळे १४ सदस्य गोरे पुरुष होते, हे टीव्हीवर अख्ख्या देशाला दिसत होतं. तो एक शब्द तिथे कसा लागला असेल ते सांगायला नको. निकाल ५२ विरुद्ध ४८. बाजूने गेलेल्या ११ डेमोक्रॅटांमध्ये बरेच दक्षिणेचे होते. १९९२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संख्याशास्त्रीय अभ्यासाने या मतदानाची फोड केली. राज्यात कृष्णवर्णीय मतदार जास्त आणि सिनेटरची निवडणूक तोंडावर, हे दोन्ही जुळून आले की 'होय'ची शक्यता वाढत होती.

म्हणजे हलला होता तो घटक मतदारयादीचा. हॉलिंग्ज यांचं मनही पालटलं असेल, पण ते मोजायचं साधन नाही. मतदारयादी मोजता येते. थर्मंड यांचं उत्तर तर याहून सोपं. १९९१ मध्ये उमेदवार त्यांच्या पक्षाचा होता.

याचा उलटा फटकाही बसला. 'होय' म्हणणारे इलिनॉयचे डेमोक्रॅट ॲलन डिक्सन पुढच्या वर्षी पक्षांतर्गत निवडणुकीतच हरले. त्यांना हरवणाऱ्या कॅरल मोझली ब्राऊन सिनेटमधल्या पहिल्या कृष्णवर्णीय स्त्री ठरल्या आणि १९९३ मध्ये त्याच समितीत जाऊन बसल्या.

मतं मोजणं त्या मानाने सोपं. प्रश्न कसे मोजायचे? अभ्यासकांनी १९३९ पासूनच्या जाहीर सुनावण्यांतलं प्रत्येक वाक्य विषयवार नोंदवलं. कुणी विचारलं, कुणाला, कशाबद्दल, दोघांचा पक्ष एक की वेगळा. या साठ्यावरच्या २०१८ च्या एका अभ्यासात दिसलं की पुरुष सिनेटर स्त्री उमेदवारांना 'तुमचं न्यायविषयक तत्त्वज्ञान काय' या जातीचे प्रश्न जास्त विचारतात, आणि पक्ष वेगळा असेल तर आणखी जास्त. प्रश्न दिसायला सभ्य, पण त्यामागचा खरा प्रश्न असतो, 'तुम्हाला हे काम झेपेल ना?' वंशाबाबत मात्र पुरावा इतका ठळक निघाला नाही.

यावरून वंशाचा परिणाम नाही असं म्हणणं घाईचं होईल. सर्वोच्च न्यायालयाच्या आजवरच्या ११६ न्यायाधीशांपैकी १०८ गोरे पुरुष आहेत. गोरे नसलेले अवघे चार. चारांवरून सरासरी काढणं म्हणजे चार दिवसांच्या पावसावरून मोसमाचा अंदाज बांधणं. त्यात प्रत्येकाचा काळ वेगळा, सुचवणारा पक्ष वेगळा. परिणाम असला तरी आकड्यांच्या गोंगाटात तो बुडून जातो.

म्हणून खालच्या न्यायालयांकडे वळायचं. तिथे नेमणुका शेकड्यांनी होतात आणि आकड्यांना वजन येतं. अमेरिकन बार असोसिएशन ही वकिलांची संघटना उमेदवारांना 'पात्र', 'उत्तम पात्र' असे शेरे देते. २०१४ च्या एका अभ्यासात शिक्षण, अनुभव आणि पक्ष सारखे धरूनही कृष्णवर्णीय आणि स्त्री उमेदवारांना खालचा शेरा मिळण्याची शक्यता जास्त निघाली. गंमत अशी की त्या शेऱ्यांवरून, न्यायाधीश झाल्यावर त्या माणसाचे निकाल वरच्या न्यायालयात किती फिरतील याचा काही अंदाज येत नव्हता.

खालच्या न्यायालयांत आपल्या ओळखीची एक मालिकाही सापडते. चंडीगडला जन्मलेले श्री श्रीनिवासन यांना ओबामांनी वॉशिंग्टनच्या संघीय अपील न्यायालयासाठी सुचवलं. मे २०१३, ९७ विरुद्ध शून्य. ट्रम्प यांनी सुचवलेले अमुल थापर, २०१७, ५२ विरुद्ध ४४. ट्रम्प यांच्याच निओमी राव, २०१९, ५३ विरुद्ध ४६. तिघांचीही मुळं भारतातली. ९७-० ते ५३-४६ या प्रवासात वंश बदलला नाही, नियम बदलला. २०१३ च्या नोव्हेंबरपर्यंत चर्चा थांबवून मतदान घ्यायला ६० मतं लागत, म्हणजे बहुतेक वेळा समोरच्या पक्षातली काही माणसं वळवावी लागत. डेमोक्रॅटांनी खालच्या न्यायालयांपुरती ती अट काढली. २०१७ मध्ये रिपब्लिकनांनी सर्वोच्च न्यायालयासाठीही काढली. समोरच्याची गरज संपली, तशी त्याला पटेल असा उमेदवार शोधण्याची गरजही संपली.

मग पक्षांना उमेदवाराच्या वर्णाचं काहीच नाही का? आहे, आणि भरपूर आहे. २००१ मध्ये धाकट्या बुश यांनी होंडुरासमध्ये जन्मलेल्या मिगेल एस्ट्राडा यांना सुचवलं. डेमोक्रॅटांनी चर्चा संपूच दिली नाही. कोंडी फोडण्याचे सात प्रयत्न फसले आणि २००३ मध्ये एस्ट्राडा यांनी माघार घेतली. डेमोक्रॅट कर्मचाऱ्यांच्या नंतर फुटलेल्या टिपणांत एस्ट्राडा विशेष धोकादायक असल्याचं एक कारण लिहिलेलं होतं, की ते लॅटिनो, म्हणजे लॅटिन अमेरिकी वंशाचे आहेत आणि पुढे सर्वोच्च न्यायालयात जाऊ शकतात. विविधतेचा झेंडा मिरवणाऱ्या पक्षाला दुसऱ्याच्या हातातली विविधता जास्त खुपते, हे माझं त्यावरचं मत.

आणि ही नुसती प्रतिमेची लढाई नाही. अपील न्यायालयात तीन न्यायाधीशांचं पीठ साधारणपणे चिठ्ठी काढावी तसं बसतं. वंशाच्या आधारे प्रवेश किंवा नोकरीत प्राधान्य देणाऱ्या योजनांच्या खटल्यांचा २०१३ मध्ये अभ्यास झाला. पिठात एक कृष्णवर्णीय न्यायाधीश आला की योजनेच्या बाजूने निकाल लागणं जवळजवळ ठरलेलं असे. तो एकटा नव्हे, शेजारचे दोघेही वेगळं मत देऊ लागत. एका खुर्चीचा भाव एवढा असेल तर तिच्यासाठी पक्ष भांडणारच.

पुन्हा साउथ कॅरोलिना. थर्मंड यांच्या खुर्चीवर २००३ पासून लिंडसे ग्रॅहम आहेत, तेही रिपब्लिकन. २००९ मध्ये पहिल्या लॅटिना उमेदवार सोनिया सोटोमायोर समितीपुढे आल्या. पक्षाच्या वतीने उलटतपासणीचं नेतृत्व अलाबामाचे जेफ सेशन्स करत होते. १९८६ मध्ये वंशद्वेषी शेरेबाजीच्या आरोपांवरून याच समितीने सेशन्स यांना न्यायाधीशपद नाकारलं होतं. 'शहाणी लॅटिना' गोऱ्या पुरुषाहून चांगला निकाल देईल, अशा अर्थाचं सोटोमायोर एका जुन्या भाषणात बोलल्या होत्या. त्या दोन शब्दांवर तासन् तास चर्चा झाली. ग्रॅहमही त्यावर बोलले, आणि शेवटी 'होय' म्हणाले.

हॉलिंग्ज यांच्या खुर्चीवर २०१३ पासून टिम स्कॉट आहेत, कृष्णवर्णीय आणि रिपब्लिकन. पक्षच सगळं ठरवतो असं मानून मी हा लेख लिहायला घेतला होता. स्कॉट यांनी तो सरळ चालू दिला नाही. २०१८ मध्ये सिनेटमध्ये ५१ विरुद्ध ४९ असं निसटतं बहुमत असताना त्यांनी स्वतःच्याच पक्षाचे दोन गोरे उमेदवार रोखले. एकाचं विद्यार्थिदशेतलं वंशाविषयीचं लिखाण नडलं, दुसऱ्याचा जुन्या प्रचारमोहिमेशी असलेला संबंध. ती मोहीम नॉर्थ कॅरोलिनातल्या कृष्णवर्णीय मतदारांना घाबरवल्याबद्दल बदनाम झाली होती. चुरस इतकी काट्याची असेल तर एका माणसाचा अनुभवही पारडं फिरवतो. मात्र हे घडलं ते कुणी वंशाबद्दल काय म्हटलं किंवा केलं यावरून, उमेदवाराच्या स्वतःच्या वर्णावरून नव्हे.

२५ फेब्रुवारी २०२० ला याच राज्यातल्या चार्ल्सटनच्या वादसभेत जो बायडन यांनी सर्वोच्च न्यायालयावर कृष्णवर्णीय स्त्री नेमण्याचं वचन दिलं. चार दिवसांनी इथली, पक्षाचा उमेदवार ठरवणारी प्राथमिक निवडणूक होती आणि इथे डेमोक्रॅट पक्षाच्या मतदारांत कृष्णवर्णीयांचा भरणा मोठा. निव्वळ मतांचा हिशोब म्हणून हे हसण्यावारी नेण्याआधी आठवावं की १९८० च्या प्रचारात रेगन यांनीही स्त्री न्यायाधीश नेमण्याचं वचन दिलं होतं आणि त्यांच्या सँड्रा डे ओकॉनर यांना सिनेटने ९९-० ने मान्यता दिली होती. २०२२ मध्ये जागा रिकामी झाली तेव्हा ग्रॅहम आपल्या राज्याच्या मिशेल चाइल्ड्स या कृष्णवर्णीय न्यायाधीशांसाठी जाहीरपणे बोलत होते. बायडन यांनी निवडल्या केतांजी ब्राऊन जॅक्सन.

त्यांना लहान मुलांची अश्लील चित्रं बाळगणाऱ्या गुन्हेगारांना सौम्य शिक्षा दिल्याबद्दल विचारलं गेलं, शाळेतल्या वंशवादविषयक धड्यांबद्दल विचारलं गेलं, बाळं वंशवादी असतात का हेही विचारलं गेलं. हा शेवटचा प्रश्न गोऱ्या उमेदवाराला कुणी विचारला असता का, हे वाचकाने ठरवावं.

याच जॅक्सन यांना जून २०२१ मध्ये अपील न्यायालयासाठी ग्रॅहम यांनी 'होय' म्हटलं होतं. अवघ्या तीन रिपब्लिकनांपैकी ते एक. त्यानंतर दहा महिन्यांनी, ७ एप्रिल २०२२ ला, सर्वोच्च न्यायालयासाठी मतदान झालं. उपाध्यक्ष कमला हॅरिस यांनी निकाल वाचला, ५३ विरुद्ध ४७. स्कॉट 'नाही', ग्रॅहम 'नाही'. ग्रॅहम टाय न बांधता आले होते आणि टायशिवाय सभागृहात पाऊल टाकायची रीत नाही. म्हणून त्यांनी शेजारच्या खोलीतूनच आपलं मत कळवलं.