पांढरा थर्माकोल आणि निळा थर्माकोल: वॉरगेमिंगच्या टेबलावर कुठला कुठे

दुकानात दोघांनाही थर्माकोलच म्हणतात. टीव्ही-फ्रिजच्या खोक्यातून निघतो तो पांढरा, दाणेदार. गच्ची तापू नये म्हणून लादीखाली घालतात तो निळा किंवा गुलाबी, गुळगुळीत. ऐतिहासिक वॉरगेमिंगच्या, म्हणजे छोट्या सैनिकांनी जुन्या लढाया खेळण्याच्या, टेबलावरचे डोंगर, नदीकाठ, तटबंदी या दोनपैकी एकातूनच बहुधा कापले जातात, आणि जे काम फसतं ते बऱ्याचदा एकाला दुसऱ्यासारखं वागवल्यामुळे.

रसायन एकच, पॉलिस्टायरीन. फरक फुगवण्यात आहे. पांढऱ्याला ईपीएस म्हणतात. त्यात पेंटेन मुरवलेले बारीक दाणे वाफेवर फुगवतात, मग साच्यात पुन्हा वाफ देऊन एकमेकांना चिकटवतात. म्हणजे हा राजगिऱ्याचा लाडू: दाणा मजबूत, पण दोन दाण्यांमधला जोड कच्चा. निळा म्हणजे एक्सपीएस. यात वितळलेलं प्लास्टिक वायूसकट फटीतून दाबून सलग पाट बाहेर काढतात. दाणा नाहीच, ढोकळ्यासारखी बारीक जाळी, फक्त प्रत्येक छिद्र बंद. पुढचे सगळे फरक या एका गोष्टीतून येतात.

गोंधळ फक्त आपल्याकडचा नाही. ‘स्टायरोफोम’ हे मूळचं डाऊ कंपनीच्या निळ्या एक्सपीएसचं व्यापारी नाव (आता ड्यूपॉन्टकडे), आणि अमेरिकेत लोक कॉफीच्या पांढऱ्या पेल्याला सर्रास स्टायरोफोम म्हणतात. तिकडचे व्हिडिओ बघून सामान आणताना हे लक्षात ठेवावं. तिथे नुसतं ‘पिंक फोम’ म्हटलं तरी एक्सपीएसच अभिप्रेत असतो.

रंगावर मात्र विसंबू नये. एक्सपीएस पांढराही मिळतो आणि ईपीएस राखाडीही. कोपरा मोडून बघा. तुटलेल्या कडेवर गोल दाणे दिसले, बोटाने खरवडल्यावर सुटले, की ईपीएस. कड सलग आणि नखाचा वण उमटून तसाच राहिला, तर एक्सपीएस. वाकवला तर न मोडता वाकतो तो पॅकिंगचा पॉलिथिन फोम. त्यावर रंग टिकत नाही, तो बाजूला ठेवा. पिवळट, बोटाखाली भुगा होणारा असेल तर तो पॉलियुरेथेन. त्याला फोम कापायची, विजेने तापवलेली गरम तार लावायची नाही: तो वितळत नाही, जळतो आणि विषारी धूर सोडतो.

आता प्रत्यक्ष टेबल. 23 सप्टेंबर 1803 ची असईची लढाई घेऊ, जालना जिल्ह्यातली. केळणा आणि जुई या दोन नद्यांच्या बेचक्यात शिंद्यांची कवायती पायदळं आणि तोफा उभ्या होत्या. समोरासमोरच्या काठांवर दोन गावं दिसतात, तर मध्ये नदी ओलांडायला उतार असणारच, असा अंदाज बांधून ब्रिटिश सेनापती वेलस्लीने केळणा पार केली. पुढे त्याची उजवी बाजू असई गावाच्या फार जवळ गेली आणि 74 व्या हायलँडर्स पलटणीची तिथे दाणादाण उडाली. टेबलावर हवं ते एवढंच: जवळजवळ सपाट रान, खोल काठांची नदी, एक उतार आणि मातीच्या भिंतींचं गाव. 28 मिमी उंचीच्या सैनिकांनी अख्खी लढाई 6 बाय 4 फुटांत बसत नाही. गावाकडचा कोपरा बसतो, आणि खेळायला तोच जास्त रंगतो.

6 बाय 4 साठी 60 सेंटीमीटरचे सहा चौरस बोर्ड पुरतात. प्रत्येकाखाली 4 मिमी एमडीएफ (लाकडाच्या तंतूंची दाबून केलेली फळी). सपाट बोर्डांना 50 मिमी ईपीएस. नदीच्या बोर्डांना खाली 25 मिमी ईपीएस आणि वर 25 मिमी एक्सपीएस. नदीचं पात्र फक्त वरच्या थरातून आरपार कापायचं, खालचा पांढरा थर तळ म्हणून आयता मिळतो. काठाची कापलेली कड डोळ्यांसमोर येते, म्हणून ती निळ्यात. तळ पुट्टी-वाळूखाली झाकला जातो, म्हणून तो पांढऱ्यात. एक खाचखळगा इथे हमखास लागतो. 25 मिमी म्हणून विकलेला ईपीएस एखाद-दोन मिलिमीटर कमी-जास्त भरतो. दोन थरांचा बोर्ड आणि एका थराचा बोर्ड शेजारी ठेवले की जोडावर पायरी दिसते. आधी मोजा, कमी असेल तिथे एमडीएफखाली पुठ्ठा घाला, आणि सगळा माल एकाच खेपेतला घ्या.

सगळंच निळ्यात का करू नये? पहिलं कारण पैसा: निळा काही पट महाग, शिवाय बरेच विक्रेते अख्खा गठ्ठाच देतात. गच्ची किंवा शीतगृहाचं इन्सुलेशन करणाऱ्यांकडे उरलेले तुकडे मागावेत. दुसरं कारण वजन. 60 बाय 45 सेंमी, 50 मिमी जाडीची टेकडी घनमीटरला 15 किलोच्या ईपीएसमध्ये जेमतेम 200 ग्रॅम भरते, 35 किलोच्या एक्सपीएसमध्ये 470. एका टेकडीला काही नाही, पण असं अख्खं टेबल दुसऱ्या मजल्यावर चढवायचं तर कळतं. पांढऱ्याची अडचण वेगळीच: 2018 पासून महाराष्ट्रात सजावटीच्या थर्माकोलवर बंदी आहे. त्यामुळे नवा शोधण्यापेक्षा खोक्यांतला साठवून वापरणं बरं. खोक्यातल्या तुकड्यांना साच्याची घट्ट साय असते. आधी ती कापून काढा, नाहीतर पुट्टी पापुद्र्यासारखी सुटते.

गावाच्या भिंतीवर दोघांतला फरक अगदी जवळून दिसतो. 28 मिमीचं माप साधारण 1:56 धरलं, तर अडीच मीटरची भिंत 45 मिमी उंच. 25 मिमी एक्सपीएसची पट्टी घ्या आणि पायथा रुंद, माथा निमुळता असा कापा. कारखान्याची चकचकीत साय 120 नंबरच्या पॉलिश पेपरने घासून घालवा, तिच्यावर रंग धरत नाही. मग अ‍ॅल्युमिनियम फॉइलचा चुरगळून केलेला गोळा सगळीकडे दाबत फिरवा. मातीच्या भिंतीचा खडबडीतपणा दोन मिनिटांत येतो. चिरा पाडायच्या तर आधी कटरने मिलिमीटरभर खोल रेघ आणि मगच त्यात बॉलपेन. नुसतं पेन ओढलं की फोम फाटतो, कडांना केसाळ धागे येतात. दगडी तट हवा असेल तर 8 बाय 12 मिमीचे चिरे आखा, आणि दोन-चार चिरे पेनाच्या मागच्या टोकाने जरा आत दाबा.

हेच पांढऱ्यावर करून बघा. पेनाचं टोक दाण्याला वळसा घालून जातं, रेघ नागमोडी होते. फॉइलचा ठसा उमटतच नाही, उलट दाणे उठून भिंत मक्याच्या कणसासारखी दिसते. कितीही रंग चढवला तरी ते कणीस लपत नाही. कोरड्या ब्रशने उजळ रंग मारला की उलट जास्तच उठून दिसतं. पांढऱ्याला म्हणूनच वेगळी कातडी द्यावी लागते. पांढऱ्या सिमेंटची वॉल पुट्टी चार भाग, पाणी अंदाजे एक भाग, त्यात चमचाभर फेविकॉल आणि मूठभर चाळलेली वाळू. मिश्रण श्रीखंडाएवढं घट्ट. एका हाताला 2 ते 3 मिमीपेक्षा जाड नको, नाहीतर वाळताना तडे जातात. त्या कातडीखाली ईपीएस टेकडीसाठी उत्तम.

टेकडीवरून आठवलं. दिवाळीच्या किल्ल्याचा हात बसलेली माणसं टेकड्या फार उभ्या करतात. किल्ला बघायचा असतो, इथे उतारावर धातूचे सैनिक उभे राहायला हवेत. जिथे पलटणी चालणार तिथे चढ 15-20 अंशांत ठेवा, नाहीतर सैनिक घसरतात आणि भाले वाकतात. उभे कडे करायचेच तर टेकडीच्या एकाच अंगाला.

कापताना ईपीएसला गरम तार, एक्सपीएसला तार किंवा कटर, दोन्ही चालतं. बोथट पात्याने ईपीएसचे दाणे उपटून निघतात, अंगाला आणि पडद्याला चिकटतात. 18 मिमीचं कटर घ्या, पातं अगदी आडवं धरा आणि दर काही फुटांनी टोक मोडून नवं करा. तारेसाठी 0.32 मिमीची 30 सेंटीमीटर नायक्रोम (निकेल-क्रोमियमची तापणारी तार) साधारण 4 ओहम भरते. 6 व्होल्टवर दीड अँपियर, म्हणजे हवं तेवढंच गरम. थेट 12 व्होल्ट दिले तर तार लाल होते, खाच रुंदावते आणि धूर निघतो. तार दाबायची नाही, तिच्या गतीने जाऊ द्यायची; घाई केली की मध्ये पोट येतं आणि कड वाकडी कापली जाते. खिडकी उघडी हवीच. एक्सपीएस घासताना तोंडाला मास्क.

चिकटवण्यात आणि रंगात दोघांचे शत्रू एकच. चपला-रेक्झिनला लावतात तो पिवळट रबरी गम, नेलपॉलिश रिमूव्हर, थिनर आणि डब्यातला स्प्रे हे दोन्ही फोम खाऊन टाकतात. फेविकॉल चालतो, पण त्याला सुकायला हवा लागते. मोठ्या पाटांच्या मध्यभागी, विशेषतः दोन एक्सपीएसच्या मध्ये, तो आठवडाभरही ओला राहतो. पूर्ण पृष्ठभाग माखण्याऐवजी वेटोळ्या रेषांत लावा, चार बांबूच्या काड्या आरपार खोचा आणि वर वजन ठेवा. रंगाआधी काळा अ‍ॅक्रेलिक आणि फेविकॉल समसमान, थोडं पाणी, असे दोन हात द्या. त्यावर स्प्रे मारायचा तर लांबून आणि हलका. ईपीएसच्या दाण्यांमधल्या फटी एका हाताने बुजत नाहीत, आणि राहिलेल्या सुईएवढ्या भोकातून स्प्रे आत शिरून वरून न दिसणारी पोकळी करतो. अंगठा टेकला की टेकडी खचते, तेव्हा कळतं.

नदीच्या पाण्यासाठी पॉलिस्टर रेझिन अजिबात नको. त्यातलं स्टायरीन फोम विरघळवतं, नदी बोर्डाच्या खालून निघते. इपॉक्सी चालतं, पण थर 3 मिमीचे. जाड ओतलं तर घट्ट होताना तापून फोम मऊ करतं. केळणेसारख्या गढूळ पात्राला खरं तर रेझिनची गरजच नाही. मातकट रंग द्यावा, नदी ओलांडायच्या उताराच्या जागी फिकट करावा आणि वर चकचकीत व्हार्निशचे तीन हात द्यावेत.

पातळ एक्सपीएसची एक खोड राहिली. 5 मिमीच्या तुकड्यावर एकाच बाजूला फेविकॉल-वाळू लावली की सुकताना तो थर आकसतो आणि तुकडा पापडासारखा वळतो. पाठीमागेही तेवढाच हात मारा किंवा आधी एमडीएफवर चिकटवा. वळलेला तुकडा वजनाखाली ठेवून सरळ होत नाही, मागून ओला हात मारून सुकू द्यावा लागतो.

तयार बोर्ड मे महिन्यात बंद गाडीत ठेवू नका. 75-80 अंशांच्या पुढे दोन्ही फोम मऊ पडू लागतात, आणि मागच्या काचेखाली एकावर एक रचले असतील तर गावाच्या भिंतींचा ठसा वरच्या बोर्डाच्या पोटात उमटलेला मिळतो.