दान दिलेला जुना फोन कुठे जातो: निवारागृहांसाठीच्या फोनसंकलनाची पार्श्वभूमी

दुकानातल्या पेटीत टाकलेला आपला जुना मोबाइल घरच्या मारहाणीतून निसटलेल्या एखाद्या बाईच्या हाती पडेल, अशी देणाऱ्याची समजूत असते. अमेरिकेत ही प्रथा सुरू झाली तेव्हा ती बऱ्याच अंशी खरी होती. आज गोळा झालेले बहुतेक फोन विकले जातात किंवा मोडीत निघतात आणि निवारागृहापर्यंत पोहोचतो तो पैसा. असे का झाले, हे देणाऱ्याने समजून घेतले तर त्याच्या दानाचा उपयोग कितीतरी वाढेल.

घरात एकच तारेचा फोन असायचा, त्या काळात मारहाण करणारा माणूस आधी तार उपटायचा किंवा फोन भिंतीवर आपटायचा. हा प्रकार इतका सर्रास होता की अनेक राज्यांनी मदतीचा फोन करू न देणे हा स्वतंत्र गुन्हा ठरवला. १९९४ साली महिलांवरील हिंसाचाराविरुद्धचा केंद्रीय कायदा झाला आणि फेब्रुवारी १९९६ मध्ये राष्ट्रीय हेल्पलाइन सुरू झाली. पण हेल्पलाइनला लावायला फोन हवा, आणि तेव्हा मोबाइल म्हणजे महागडे यंत्र, वर दीर्घ मुदतीचा करार. नेसत्या वस्त्रानिशी बाहेर पडलेल्या बाईला ते परवडणारे नव्हते.

वाट निघाली ती एका नियमातून. अमेरिकेच्या दूरसंचार नियामकाने, म्हणजे एफसीसीने, १९९६ साली आदेश काढला आणि १९९७ साली फेरविचार करून तो पक्का केला: ९११ या आणीबाणीच्या क्रमांकावर लावलेला कॉल ग्राहकाचे खाते न तपासता कंपनीने पुढे सोडलाच पाहिजे. म्हणजे बिल थकलेला, करार संपलेला, कोणाच्याही नावावर नसलेला फोनसुद्धा ९११ लावू शकतो. ड्रॉवरमध्ये पडून असलेल्या फोनला एकदम किंमत आली. वायरलेस कंपन्यांचे प्रतिष्ठान, मोटोरोला आणि कौटुंबिक हिंसाचारविरोधी राष्ट्रीय आघाडी यांनी ‘कॉल टू प्रोटेक्ट’ ही मोहीम १९९०च्या दशकाच्या उत्तरार्धात उभी केली ती याच पायावर.

या ‘फक्त ९११’ फोनच्या मर्यादा मात्र जीवघेण्या ठरू शकत होत्या. असल्या फोनला स्वतःचा चालू नंबर नसतो. कॉल मध्येच तुटला तर नियंत्रण कक्षाला उलटा फोन करता येत नाही, आणि मारहाणीच्या प्रसंगात कॉल नेमका तुटतो. पत्ता सांगायच्या आत फोन हिसकावला गेला तर त्या काळी हाती उरायचा फक्त टॉवरचा परिसर. म्हणून २००२ मध्ये एफसीसीने कंपन्यांच्या योजनांतून वाटल्या जाणाऱ्या फोनमध्ये एक ठरावीक खोटा नंबर भरणे सक्तीचे केले. पुढे त्याची रचना बदलून ९११ आणि त्यामागे फोनच्या अनुक्रमांकातले सात अंक अशी झाली. पडद्यावर ९११ने सुरू होणारा नंबर दिसला की कक्षातल्या माणसाने ओळखायचे: इथे परत फोन लागणार नाही, पहिल्या वाक्यातच पत्ता विचारून घ्या. त्यामुळे असा फोन हाती देताना कार्यकर्तीने दोन गोष्टी पढवून ठेवायला हव्यात: आधी पत्ता सांगायचा, मग काय घडते आहे ते, आणि कॉल तुटला तर आपणच पुन्हा लावायचा. खाते नसलेल्या फोनवरून ९११ला मजकूर संदेश जात नाही, हेही सांगायला हवे. गुपचूप संदेश पाठवू, या भरवशावर राहणे धोक्याचे आहे.

दुसरी अडचण बॅटरीची. महिनोन्महिने कपाटात लपवून ठेवलेला फोन गरजेच्या क्षणी मेलेला निघतो. लिथियम बॅटरी पूर्ण रिकामी पडून राहिली तर नंतर चार्ज धरेलच असे नाही. फोन निम्मा चार्ज करून, बंद करून ठेवायचा आणि दर दोन-तीन महिन्यांनी पुन्हा पाहायचा. पण लपवलेल्या फोनला चार्जरही लपवावा लागतो, आणि तोच आधी सापडतो.

शिवाय बाईला फक्त पोलीस नको असतात. वकील, मुलांची शाळा, घरमालक, नोकरी, समुपदेशक: घर सोडल्यानंतरच्या आठवड्यांत फोन लागतो तो यांच्यासाठी. ९११पुरता फोन तिथे निरुपयोगी. म्हणून व्हेरायझन या अमेरिकी मोबाइल कंपनीने २००१ मध्ये ‘होपलाइन’ या मोहिमेखाली देशभर फोनसंकलन सुरू केले तेव्हा गणित वेगळे मांडले: गोळा झालेले फोन दुरुस्त करून विकायचे, त्या पैशातून निवारागृहांना अनुदान आणि बोलण्याची मिनिटे आधीच भरलेले चालू फोन द्यायचे. नादुरुस्त फोनांचा पुनर्वापर कारखान्यात निकाल लावायचा. आमच्या मते हा बदल योग्य होता. दहा तऱ्हांचे फोन आणि दहा तऱ्हांचे चार्जर सांभाळण्यापेक्षा एकाच प्रकारचे, खात्रीचे फोन संस्थेला कितीतरी सोयीचे पडतात.

मग नेटवर्कच गेली. १८ फेब्रुवारी २००८ रोजी अमेरिकेत अ‍ॅनालॉग, म्हणजे डिजिटलच्या आधीच्या पिढीची, सेवा चालू ठेवण्याचे कंपन्यांवरचे बंधन संपले आणि आधी वाटलेले अ‍ॅनालॉग फोन मुके झाले. वापरणाऱ्या बाईला ते कळायला मार्ग नव्हता, कारण असा फोन ती एरवी लावून पाहतच नाही. तेच २०२२ मध्ये थ्रीजीच्या बाबतीत झाले: एटी अँड टीने फेब्रुवारीत, टी-मोबाइलने वर्षाच्या मध्यापर्यंत, व्हेरायझनने डिसेंबरअखेर ते बंद केले. आता आवाजी कॉलसाठी फोनमध्ये व्हीओएलटीई, म्हणजे फोरजीवरून बोलण्याची सोय, हवीच. आयफोन ५एसमध्ये ती नाही, ६पासून आहे. अँड्रॉइडमध्ये नुसते मॉडेल पाहून भागत नाही. कोणत्या देशासाठी, कोणत्या कंपनीसाठी बनवला तेही पाहावे लागते.

ऑस्ट्रेलियात यातला आणखी एक कंगोरा समोर आला. काही फोन साधे कॉल फोरजीवर करत, पण आणीबाणीचा ००० लावला की थ्रीजीकडे वळत. २०२४ मध्ये थ्रीजी बंद करताना सरकारने असे फोन नेटवर्कवर घेण्यास कंपन्यांना मनाई केली. रोजचे कॉल लागतात म्हणून फोन चांगला, हा निष्कर्ष अशा वेळी घातक ठरतो. तिथल्या वेसनेट या महिला सेवा संघटनेने टेल्स्ट्रा या दूरसंचार कंपनीसोबत चालवलेल्या योजनेत नवेच स्मार्टफोन दिले जातात, हे यासाठीच पटते.

स्मार्टफोन आल्यावर दानपेटीतही फरक पडला. चोरी रोखण्यासाठी अ‍ॅपलने २०१३ मध्ये आयओएस ७सोबत सक्रियन-कुलूप आणले. अँड्रॉइडवर तसेच संरक्षण ५.१ आवृत्तीपासून, २०१५ मध्ये रुळले. देणाऱ्याने खाते न काढता फोन दिला तर तो पुसूनही उघडत नाही. चांगला फोन केवळ सुट्या भागांच्या भावात जातो. म्हणून क्रम महत्त्वाचा: आधी आयक्लाउड किंवा गूगल खात्यातून बाहेर पडायचे, सॅमसंग असेल तर त्याचेही खाते काढायचे, ई-सिम हटवायचे, आणि मग फॅक्टरी रीसेट. रीसेटनंतर पडद्यावर जुन्या मालकाचा पासवर्ड मागितला जात नाही ना, ते पाहायचे. *#०६# दाबून आयएमईआय, म्हणजे फोनचा ओळख क्रमांक, घ्यायचा आणि हप्ते थकल्यामुळे तो काळ्या यादीत नाही ना, याची खात्री करायची. सिम आणि मेमरी कार्ड काढून घ्यायचे. फुगलेली बॅटरी टपालाने कधीही पाठवू नये, वाटेत पेट घेऊ शकते. ती जवळच्या ई-कचरा केंद्रातच द्यावी.

फोन घेणाऱ्या बाईच्या बाजूने धोका निराळा आहे. नव्या फोनवर तिने जुन्या खात्याने प्रवेश केला किंवा जुना बॅकअप उतरवला, की ठिकाण, संपर्क आणि फोटो पुन्हा मारहाण करणाऱ्या माणसापर्यंत पोहोचू शकतात. खाते नवे, पासवर्ड नवा, बॅकअप नाही. जुना फोन मात्र लगेच फेकू नये: त्यात पुरावा असतो, आणि पाळत एकदम तुटल्याचे लक्षात आले तर तो माणूस जास्त हिंसक होऊ शकतो. फोन कधी बंद करायचा हे समुपदेशकासोबत ठरवावे.

कुटुंबाचे फोन एकाच खात्यात आणि ते खाते अत्याचारी माणसाच्या हातात, ही अडचण अमेरिकेत कायद्याने सोडवायला डिसेंबर २०२२ उजाडला. ‘सेफ कनेक्शन्स’ कायद्यानुसार पीडितेने रीतसर मागणी केली की कंपनीने दोन कामकाजाच्या दिवसांत तिची लाइन अत्याचारी माणसाच्या खात्यातून वेगळी करायची असते, तांत्रिकदृष्ट्या अशक्य असेल तेवढा अपवाद सोडून. त्याखालच्या नियमांनी हेल्पलाइनचे कॉल ग्राहकाला दिसणाऱ्या नोंदींतून वगळायला लावले आणि हलाखीत असलेल्या पीडितांना सहा महिन्यांपर्यंत सवलतीच्या सेवेची सोय केली. तिचा स्वतःचा नंबर तिच्याकडे राहू लागला, तर दुसऱ्या फोनची गरज काही जणींना उरणारही नाही.

तरीही द्यायचा असेल, तर आधी निवारागृहाला विचारावे. काही ठिकाणी फोन थेट घेतले जातात, काही ठिकाणी फक्त विक्रीसाठी. थेट घेणाऱ्यांना सुरक्षा अपडेट अजून मिळणारा, एकाच मोबाइल कंपनीशी बांधणारे कुलूप काढलेला, चार्जरसह फोन लागतो. त्यासोबत प्रीपेड सिम किंवा रिचार्जचे पैसे दिले, तर तो फोन त्याच दिवशी वापरता येतो.