अंगकाठीवरून मधुमेहाचा प्रकार ठरत नाही

वय तिशीचं, अंगकाठी बारीक, साखर 300 च्या वर. ‘बारीक आहे, म्हणजे टाइप 1’ हा अंदाज किमान पुण्यात तरी करू नये. सडपातळ दिसणाऱ्या भारतीय शरीरातही चरबीचं प्रमाण जास्त असतं, हे रास्ता पेठेतल्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनीच जगापुढे मांडलं. म्हणून बारीक माणसालाही टाइप 2 होतो. उलट, चाळिशीत गोळ्यांवर ठेवलेल्या एखाद्याचा मधुमेह मुळात ऑटोइम्यून, म्हणजे स्वतःच्याच प्रतिकारशक्तीमुळे झालेला टाइप 1, निघतो.

प्रतिकारशक्ती स्वादुपिंडातल्या बीटा पेशींवर उलटली की रक्तात अँटिबॉडी दिसू लागतात. मोठ्या माणसांत आधी जीएडी तपासावी. ती निगेटिव्ह आली तर आयए-2 आणि झिंक ट्रान्सपोर्टर 8. इन्सुलिनविरोधी अँटिबॉडी मात्र इंजेक्शनं सुरू होण्याआधीच पाहावी. टोचलेल्या इन्सुलिनविरुद्धही शरीर अँटिबॉडी बनवतं, त्यामुळे दोनेक आठवड्यांनंतर तो रिपोर्ट कामाचा राहत नाही. सगळ्या निगेटिव्ह आल्या तरी टाइप 1 नाहीच, असं म्हणता येत नाही.

मग सी-पेप्टाइड. बीटा पेशी इन्सुलिनच्या प्रत्येक रेणूबरोबर याचा एक रेणू सोडतात, आणि बाटलीतल्या इन्सुलिनमध्ये ते नसतं. म्हणजे शरीराचं स्वतःचं इन्सुलिन किती उरलंय ते कळतं. जेवणानंतर पाच तासांच्या आत रक्त द्यावं, त्याच वेळी साखरही मोजावी. 0.2 नॅनोमोल प्रति लिटरच्या खाली आकडा आला तर स्वतःचं इन्सुलिन जवळजवळ संपलेलं असतं. साखर 70 च्या खाली असताना किंवा इन्सुलिनअभावी रक्त आम्लयुक्त करणाऱ्या किटोअॅसिडोसिसनंतर दोन आठवड्यांत ही तपासणी केली तर आकडा फसवा येतो. नमुन्याचंही तसंच. घरी येऊन घेतलेली साधी नळी एप्रिलच्या उन्हात स्कूटरच्या डिकीत दोन-तीन तास फिरली तर सी-पेप्टाइड कमी दिसू शकतं. जांभळ्या झाकणाच्या ईडीटीए नळीत ते बरंच टिकतं, तीच मागावी.

टाइप 1 च्या रुग्णाच्या भावंडांची अँटिबॉडी तपासणी आम्हाला फार मोलाची वाटते. दोन किंवा अधिक अँटिबॉडी आणि साखर किंचित बिघडलेली, पण लक्षणं नाहीत, अशा टप्प्यासाठी टेप्लिझुमॅब या औषधाला अमेरिकेत नोव्हेंबर 2022 मध्ये मान्यता मिळाली. त्या मान्यतेत वय 8 वर्षं आणि पुढे, सलग 14 दिवस रोज सलाइनमधून. चाचणीत आजार सुमारे दोन वर्षं लांबला, थांबला नाही.

आजार सुरू झाल्यावर मात्र इन्सुलिनच. पहिल्या काही महिन्यांत डोस बराच उतरतो आणि घरचे ‘बरा झाला’ म्हणून इंजेक्शन सोडवतात. उरलेल्या पेशींवरचा हल्ला चालूच असतो. मग उलट्या, पोटदुखी, धाप आणि लघवीत किटोन्स (चरबी जळून तयार होणारी आम्लं) घेऊन तेच मूल रात्री तातडीच्या विभागात येतं.