हिशोबाची एक प्रत जतला ठेवा

सांगलीच्या गावभागातल्या एखाद्या घराचा वर्षाचा हिशोब मांडून बघा. नवऱ्याचं दुकान, बायकोचा शाळेतला पगार, कारखान्याकडून हप्त्याहप्त्यानं येणारं उसाचं बिल, त्यातूनच कापलं जाणारं सोसायटीचं पीककर्ज, पतसंस्थेतल्या दोन ठेवी, एक एसआयपी, एक भिशी आणि धाकट्या भावाला दिलेले हातउसने. पूर्वी हे लाल वहीत असायचं. आता कुणी एक्सेलमध्ये ठेवतं, कुणी ग्नूकॅशसारख्या फुकट मिळणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, कुणी मोबाइलवरच्या खर्चाच्या ॲपमध्ये. ज्याच्या दुकानात टॅली आहे, तो त्यातच घरची वेगळी कंपनी उघडतो.

लॅपटॉप बसला तर यातलं काय परत मिळेल? बँकेचा उतारा मिळेल, म्युच्युअल फंडाचं स्टेटमेंट मिळेल, उसाचं बिलही खटपट करून मिळेल. पण एटीएममधून काढलेले चौदा हजार भिशीला गेले, भावाला गेले की विहिरीची मोटार बांधायला गेले, हे बँकेला ठाऊक नसतं. रोखीचे व्यवहार तर तुमच्या फाइलीशिवाय दुसरीकडे कुठेच नोंदलेले नसतात. शेअर विकताना जुनी खरेदी किंमत लागते. ३१ जानेवारी २०१८ पर्यंत घेतलेल्या शेअरांना करात त्या दिवसाच्या भावाचा आधार घेता येतो, तरी गणितात मूळ खरेदीचा आकडा धरावाच लागतो. तो आकडा वीस वर्षांपूर्वीच्या एका ओळीत असतो आणि ती ओळ तुम्हीच लिहिलेली असते. या फाइलीत मोलाचं आहे ते हे.

बरं, ती असते केवढी? दिवसाला दहा नोंदी धरल्या तर दहा वर्षांत साडेछत्तीस हजार होतात. एका नोंदीला अंदाजे एक हजार बाइट्स दिले तरी सगळं मिळून ३६ एमबीच्या आसपास, आणि दाबून साठवलं तर त्याहून कितीतरी कमी. लग्नाच्या एका व्हिडिओत अशी कितीतरी घरं मावतील. थोडक्यात, जागा नाही म्हणून प्रती ठेवल्या नाहीत, ही सबब इथे चालत नाही.

अडचण आहे ती प्रत कशी घेतली जाते यात. बहुतेक जण प्रोग्रॅम चालू असतानाच फाइल उचलतात आणि पेनड्राइव्हवर टाकतात. त्यात काय बिघडतं हे समजायला जुनी हिशोबपद्धत उपयोगी पडते. दिवाणजी व्यवहार झाला की आधी रोजकीर्दीत, म्हणजे रोजच्या नोंदवहीत लिहायचे आणि सवडीनं तोच खतावणीत, म्हणजे खातेवार वहीत चढवायचे. डेटाबेस, म्हणजे नोंदी साठवणारा प्रोग्रॅमही असाच चालतो. अँड्रॉइड आणि आयफोन या दोन्हींत असलेला, रिचर्ड हिप यांनी २००० साली आणलेला एसक्यूलाइट घ्या. त्याच्या एका पद्धतीत नवे बदल आधी शेजारच्या एका छोट्या फाइलीत लिहिले जातात आणि ठरावीक टप्प्यावर मुख्य फाइलीत उतरवले जातात. त्या छोट्या फाइलीच्या नावाला डब्ल्यूएएल असं शेपूट असतं. आता तुम्ही नेमकी मुख्य फाइलच उचललीत, तर खतावणी हातात आली आणि आजची रोजकीर्द टेबलावरच राहिली. दुसऱ्या पद्धतीत उलटं होतं. बदल थेट मुख्य फाइलीत होतात आणि आधीची पानं बाजूला जपून ठेवली जातात, म्हणजे मध्येच वीज गेली तर मागं जाता यावं. अशा वेळी अर्धवट बदललेली फाइल उचलली तर ती कधी उघडतच नाही. कधी उघडते, पण आत भावाच्या नावे रक्कम पडलेली असते आणि रोखीतून ती कमी झालेली नसते. न उघडणारी फाइल परवडली, निदान ती खोटं बोलत नाही.

म्हणून प्रोग्रॅम पूर्ण बंद करून मगच फाइल उचलायची, किंवा प्रोग्रॅमचाच बॅकअपचा पर्याय वापरायचा. टॅलीत प्रत्येक कंपनीचा डेटा आकडी नावाच्या एका फोल्डरात असतो. त्यातली एखादी फाइल उचलून काही साधत नाही, पूर्ण फोल्डर लागतं. ग्नूकॅश नेहमीच्या पद्धतीत दर वेळी सेव्ह करताना आधीची प्रत तारीख-वेळेसह बाजूला ठेवतो, सोबत व्यवहारांची एक लॉग फाइल, म्हणजे खरीखुरी रोजकीर्दच लिहितो. मुद्दाम बदललं नाही तर या प्रती ३० दिवस टिकतात. ही सोय उत्तम आहे, पण त्या प्रती मूळ फाइलीच्याच फोल्डरात राहतात. लॅपटॉप चोरीला गेला की सगळं कुटुंब एकदमच गेलं.

आता प्रती किती? एक ताजी प्रत पुरते असं वाटतं, कारण आपल्या डोळ्यासमोर डिस्क जळण्याचं संकट असतं. खरी भीती उशिरा कळणाऱ्या चुकीची आहे. फेब्रुवारीत कुणी तरी नको असलेलं खातं म्हणून पतसंस्थेचं खातं काढून टाकलं आणि हे कळलं जुलैत, रिटर्न भरायला सीएंकडे गेल्यावर. दरम्यान दर रविवारी नेमानं बॅकअप घेतला होता, आणि दर रविवारी आधीच्या चांगल्या प्रतीवर ती बिघडलेली फाइल चढत होती. शिस्त जितकी कडक, तितकं नुकसान पक्कं!

गूगल ड्राइव्हसारख्या सोयींचा इथेच घोटाळा होतो. त्यांचं मुख्य काम दोन्हीकडची फाइल सारखी ठेवणं. इकडे खोडलं की तिकडेही खोडलं जातं, आणि ट्रॅशमधून ते ३० दिवसांनी कायमचं जातं. अँड्रॉइडचा आपोआप होणारा बॅकअपही प्रत्येक ॲपसाठी २५ एमबीपर्यंतच घेतो, फक्त शेवटची एकच प्रत ठेवतो आणि ॲप बनवणाऱ्यानं तो बंद ठेवला असेल तर घेतही नाही. खर्चाचं ॲप काढून परत टाकल्यावर सगळं शून्य दिसलं, ही तक्रार यातूनच येते.

यावर संगणकवाल्यांचा जुना तोडगा आहे, आजोबा-बाप-मुलगा असा. गेल्या सात दिवसांच्या सात प्रती, गेल्या महिन्यातल्या आठवड्यांच्या चार, वर्षातल्या महिन्यांच्या बारा, आणि दर ३१ मार्चची एक, जी कधीच पुसायची नाही. घरगुती हिशोबाला मी रोजच्या प्रतीचा आग्रह धरणार नाही. जो महिन्यातून दोनदाच नोंदी करतो त्यानं रोज बॅकअप घेऊन काय साधणार? नोंदी केल्या, की लगेच प्रत घ्यावी. पण ३१ मार्चची प्रत मात्र सोडू नये. फाइलीच्या नावात तारीख आधी वर्ष, मग महिना, मग दिवस अशी लिहावी, म्हणजे यादी आपोआप काळानुसार लागते.

मग त्या ठेवायच्या कुठे? सांगलीकरांना हे सांगायची गरज पडू नये. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांच्या वर गेली, धोक्याची पातळी तिथे ४५ फूट आहे. त्याआधी २००५ ला आणि नंतर २०२१ लाही महापूर आला. अशा पुरात हरभट रोडच्या दुकानातला संगणक आणि गावभागातल्या घरातल्या कपाटातला पेनड्राइव्ह एकाच दिवशी पाण्यात असतात. दोन प्रती, दोन वास्तू, आणि नदी एकच. जिल्ह्याच्या पूर्वेचा जत तालुका मात्र जन्मभर पाण्यासाठी तरसतो. तिथे बहीण दिली असेल तर राखीपौर्णिमेला आणि भाऊबीजेला जाताना एक पेनड्राइव्ह न्यावा आणि तिथला जुना परत आणावा. विटा, आटपाडीही चालेल. क्लाउड हाही एका अर्थी दूरचा जतच, फक्त तिथला पासवर्ड गेला तर दार उघडायला बहीण नसते.

पाहुण्यांकडे ठेवायची प्रत कुलूपबंद हवी, नाहीतर भाऊबीजेला ओवाळणी कमी का पडली याची चर्चा आकड्यांनिशी होईल. सेव्हन-झिपसारख्या फुकट प्रोग्रॅमनं एईएस-२५६ पद्धतीनं फाइल कुलूपबंद करता येते. पासवर्ड विसरलात तर मात्र ती कुणालाही उघडता येणार नाही, ज्यानं प्रोग्रॅम लिहिला त्यालाही नाही. तेव्हा घरात आणखी एकाला तो माहीत हवा.

पेनड्राइव्हवर कायमचा भरवसा नको. त्यात माहिती अतिसूक्ष्म कप्प्यांत अडकवलेल्या विद्युतभाराच्या रूपात असते आणि तो भार हळूहळू झिरपतो. उष्णता वाढली की जास्तच. संगणकातली एसएसडी ही डिस्कही अशाच कप्प्यांची असते, आणि तिच्यासाठी उद्योगाचं एक मानक आहे: लिहिण्याची क्षमता पूर्ण वापरून झाल्यावरही, वीज न देता ३० अंश तापमानात एक वर्ष माहिती टिकली पाहिजे. सांगलीत एप्रिल-मेमध्ये पत्र्याखालच्या माळ्यावर किती अंश असतात ते तुम्हीच सांगा. बॅकअपची हार्डडिस्क असेल तर प्रत घेऊन झाल्यावर काढून ठेवावी. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय नावाचा व्हायरस जगभर पसरला तेव्हा पुन्हा दिसलं, की असे खंडणीखोर व्हायरस जोडलेल्या डिस्कवरच्या फाइलीही कुलूपबंद करतात.

वर्षातून एकदा प्रत दुसऱ्या संगणकावर उघडून बघायची, हा भाग लोक हमखास टाळतात. हिशोबाच्या फाइलीत ही तपासणी सोपी असते, कारण नावे आणि जमा जुळायलाच हवेत. ल्युका पाचोली यांनी १४९४ साली व्हेनिसमध्ये छापून दिलेली ती दुहेरी नोंद इथे फुकटात तपासनीस होते. पण फक्त ताळा जुळला म्हणजे झालं असं नाही, जुनी फाइलही जुळतेच. म्हणून ३१ मार्चची बँकेची शिल्लक पासबुकाशी ताडून बघायची आणि शेवटची नोंद कोणत्या तारखेची आहे तेही पाहायचं.

प्रोग्रॅमच उद्या राहिला नाही तर? मायक्रोसॉफ्टनं आपला मनी हा घरगुती हिशोबाचा प्रोग्रॅम २००९ मध्ये विकणं बंद केलं. म्हणून वर्षअखेरीला सगळ्या नोंदी सीएसव्ही या साध्या मजकुराच्या रूपातही काढून ठेवाव्यात, आणि खात्यांची नावं युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही संगणकावर वाचता येणाऱ्या अक्षरपद्धतीत असावीत. ज्यांनी ती कधीकाळी श्री-लिपीसारख्या जुन्या फॉन्टात टाइप केली, त्यांना तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर नुसती निरर्थक अक्षरं दिसतात. सीएसव्ही एक्सेलमध्ये दोनदा टिचकी मारून उघडली तर युनिकोड मराठीचाही कधीकधी असाच काला दिसतो. तो वरवरचा असतो, डेटा आयात करताना यूटीएफ-८ निवडलं की अक्षरं सरळ होतात. आकड्यांचं तसं नाही. एक्सेल संख्येचे पहिले पंधराच अंक पाळतं आणि पुढचे शून्य करतं, सुरुवातीची शून्यंही गाळतं. सोळा अंकी खातेक्रमांक असलेली फाइल सहज उघडून सेव्ह केलीत, की शेवटचा अंक गेला. म्हणून सीएसव्ही काढल्याकाढल्या ती फक्त वाचण्यापुरती करून ठेवावी आणि एक्सेलमध्ये चाळायची असेल तर तिची वेगळी नक्कल उघडावी.