झाडावर चढायचं, पण झाडाला न दुखवता

दोर, हार्नेस (कमरेला आणि मांड्यांना बांधायचे भक्कम पट्टे) आणि हेल्मेट घेऊन निव्वळ आनंदासाठी झाडावर चढायच्या छंदाला संघटित रूप आलं ते १९८३ साली, अमेरिकेतल्या अटलांटा शहरात. पीटर जेन्किन्स यांनी तिथे ‘ट्री क्लाइंबर्स इंटरनॅशनल’ ही संस्था काढली. जेन्किन्स आधी कडे चढणारे, पुढे झाडांची छाटणी आणि निगा हा त्यांचा व्यवसाय झाला. दोन्हीकडचं ज्ञान एकत्र करून ते सर्वसामान्य माणसांना दोरावरून झाडावर चढायला शिकवू लागले. डायना आणि निमरॉड ही त्यांच्याकडच्या शिकायच्या दोन मोठ्या ओक वृक्षांची नावं.

त्याआधी उंच झाडावर चढणं हे कामकऱ्यांचंच काम होतं. लाकूडतोडे बुटांना लोखंडी काटे बांधून ते खोडात रुतवत वर जात. जे झाड पाडायचंच आहे, तिथे हे चालून जातं. जगवायच्या झाडाचं मात्र नुकसान होतं, कारण सालीच्या लगेच खाली वाढीचा जिवंत थर असतो आणि प्रत्येक भोकातून बुरशीला वाट मिळते. म्हणून झाडांची निगा राखणाऱ्यांनी काट्यांऐवजी दोराचा मार्ग धरला. माझ्या मते या छंदाचा खरा पाया हाच आहे.

सुरुवातीचे दोर मनिला तागाचे होते. दुसऱ्या महायुद्धानंतर नायलॉन आलं आणि दोर हलके, मजबूत झाले. गिर्यारोहणाकडूनही बरंच मिळालं. ऑस्ट्रियन गिर्यारोहक कार्ल प्रुसिक यांनी १९३१ मध्ये मांडलेली, भार आला की घट्ट धरणारी गाठ आपल्या सह्याद्रीतल्या प्रस्तरारोहकांनाही चांगली ठाऊक आहे.

झाडावरची गाठ थोडी वेगळी आहे, आणि ती नीट पाहण्यासारखी आहे. आधी बारीक दोरीला छोटी वजनदार पिशवी बांधून ती भक्कम फांदीवरून फेकतात आणि तिच्यामागून मुख्य दोर ओढून घेतात. दोराचं एक टोक हार्नेसला अडकवतात. त्याच टोकाच्या उरलेल्या शेपटाने दोराच्या दुसऱ्या पदरावर चार वेढे घेतात आणि शेपूट खालच्या दोन वेढ्यांतून बाहेर काढतात. दुसरा पदर खाली ओढला की माणूस वर सरकतो, मग हाताने गाठ वर ढकलायची. थांबलात की गाठ दोर घट्ट धरते. हिला ‘ब्लेक्स हिच’ म्हणतात. जेसन ब्लेक यांनी १९९४ मध्ये ती झाडांवर काम करणाऱ्यांपुढे आणली. पण त्याच्या कितीतरी आधी, १९८१ मध्ये, ऑस्ट्रियाच्या हाइन्झ प्रोहास्का यांनी ती मांडली होती. तिचं श्रेय प्रोहास्कांनाही मिळायला हवं.

या पद्धतीत दोर फांदीवरून सतत सरकतो आणि साल घासली जाते. त्यावर उपाय म्हणून फांदी आणि दोर यांच्यामध्ये संरक्षक नळी किंवा कड्या लावलेला पट्टा घालतात.

झाडांची निगा राखणाऱ्या व्यावसायिकांच्या चढाईच्या स्पर्धा छंदाच्याही आधीच्या. १९७६ मध्ये अमेरिकेतल्या सेंट लुइसला पहिली झाली. झाडावर अडकलेल्या सहकाऱ्याला सुखरूप खाली आणणं हा या स्पर्धांमधला महत्त्वाचा भाग आहे. त्याच सुमारास शास्त्रज्ञही दोराने वर पोहोचू लागले होते. डोनाल्ड पेरी कोस्टा रिकाच्या जंगलात वृक्षशेंड्यांवरचं जीवन अभ्यासत होते. पुढे २००६ मध्ये कॅलिफोर्नियात ‘हायपेरिऑन’ हा रेडवुड जातीचा उंच वृक्ष सापडला, तेव्हा स्टीव्ह सिलेट यांनी शेंड्यावर चढून तिथून टेप खाली सोडली. उंची भरली ११५.५५ मीटर.

जपानमध्ये या छंदाला वेगळं वळण मिळालं. तिथे स्थायिक झालेल्या जॉन गॅथराइट यांनी तो अपंग व्यक्तींपर्यंत नेला. पायांत बळ नसलेली एक जपानी महिला २००१ मध्ये कॅलिफोर्नियातल्या महाकाय सिकोया वृक्षावर दोराने चढली. हार्नेस शरीराचा भार पेलतो आणि गाठ प्रत्येक टप्प्यावर विसावा देते, त्यामुळे हातांच्या बळावर, हवा तेवढा वेळ घेत वर जाता येतं. मला या सगळ्या इतिहासात हीच गोष्ट सर्वांत मोलाची वाटते.

आपल्याकडे कड्यांवर चढणाऱ्यांजवळ हार्नेस, कॅराबिनर (दोर अडकवायची उघडझाप होणारी धातूची कडी), हेल्मेट असतंच. पण कड्यात बोल्ट ठोकता येतो, झाडात नाही. इथे सगळा भरवसा फांदीवर, म्हणून चढण्याआधी वाळलेल्या फांद्या, खोडातली ढोली, मुळांजवळची कूज आणि मधमाश्यांची पोळी तपासावी लागतात. ही पारख दोर वापरण्याइतकीच शिकून घ्यावी लागते, तीही जाणकाराच्या देखरेखीखाली.