जास्त जीबीचं ग्राफिक्स कार्ड म्हणजे जास्त फास्ट?

‘४ जीबीचं कार्ड २ जीबीवाल्याच्या डबल चालतं’ हे फॉरवर्ड कित्येक वर्षं फिरतंय. खरं तर जीबी म्हणजे फक्त कार्डावरच्या मेमरीची जागा, काम करते चिप (जीपीयू). जीटी ७३० या कार्डात जास्तीत जास्त ३८४ कोर (चिपमधले हिशेब करणारे छोटे भाग), त्यात ४ जीबीवाल्याला बहुतेक वेळा जुनी, हळू डीडीआर३ मेमरी, आणि २ जीबीच्या जीटीएक्स १०५० ला ६४० कोर आणि वेगवान जीडीडीआर५ मेमरी, त्यामुळे गेममध्ये १०५० खूप पुढे जातं. बॉक्सवर मात्र ४ जीबीच मोठ्या अक्षरात असतं, पोरांचे साठवलेले पैसे तिथेच वाया जातात.

गेम चालू ठेवून विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्स, मग जीपीयू बघा. कार्डाची मेमरी रिकामी आणि जीपीयू ९९ टक्के, तर चिप कमी पडतेय. मेमरीच भरून गेम अडखळत असेल तर मात्र जीबी वाढवा.