तीन जागांचे भांडण आणि पहिली ग्रांप्री

ग्रांप्री या शब्दाचा सरळ अर्थ 'मोठे बक्षीस' एवढाच. फ्रान्समध्ये तो आधी घोड्यांच्या शर्यतींना लावत, मोटारींना नंतर चिकटला. २६ आणि २७ जून १९०६ रोजी ल माँ शहराबाहेर झालेली शर्यत पहिली ग्रांप्री मानली जाते. तिच्या मुळाशी वेगाची हौस होतीच, पण त्याहून जास्त होती ती फ्रेंच मोटार कारखानदारांची एक जुनी तक्रार: आम्हाला तीनच जागा का?

ही तीनची मर्यादा घातली होती एका अमेरिकन माणसाने. जेम्स गॉर्डन बेनेट हा 'न्यूयॉर्क हेराल्ड'चा मालक. संशोधक लिव्हिंग्स्टनचा शोध घ्यायला बातमीदार स्टॅन्लीला आफ्रिकेत धाडणारा तो हाच. पॅरिसला राहून थाटात पैसा उडवणाऱ्या या गृहस्थाने मोटारींसाठी एक चषक ठेवला आणि १९०० पासून त्याची शर्यत सुरू झाली. नियम देशादेशांतल्या सामन्याचे होते. प्रत्येक देशाने जास्तीत जास्त तीन गाड्या पाठवायच्या आणि गाडीचा प्रत्येक भाग त्याच देशात बनलेला हवा. जिंकणाऱ्या देशाने पुढच्या वर्षी यजमान व्हायचे. गाड्यांना देशाचे रंग देण्याची चाल इथूनच पडली. फ्रान्सचा निळा, जर्मनीचा पांढरा.

कागदावर हे न्याय्य दिसते. पण त्या काळी मोटार बनवणे हा मुख्यतः फ्रेंचांचाच धंदा होता. ब्रिटनला तीन चांगल्या गाड्या जमवताना नाकी नऊ येत, तर फ्रान्समध्ये त्याच तीन जागांसाठी कारखान्यांची रांग लागे. १९०४ साली देशांतर्गत निवड शर्यतीला २९ गाड्या आल्या. २६ घरी परतल्या. पराभवापेक्षा न खेळताच बाहेर बसणे कारखानदाराला महाग पडे, कारण शर्यत ही त्याची जाहिरात होती. गिऱ्हाईक वर्तमानपत्रात नाव वाचून गाडी घ्यायला येई.

खरे तर फ्रेंचांना चषकात अपयश आले होते असेही नाही. सहापैकी चार वेळा तो त्यांनीच जिंकला. १९०२ मध्ये ब्रिटनच्या नेपियरने आणि १९०३ मध्ये जर्मनीच्या मर्सिडीजने तो नेला, पण १९०४ आणि १९०५ मध्ये लेओं तेरीने ब्राझिए कंपनीच्या गाडीवर तो परत आणला. म्हणजे रुसवा जिंकणाऱ्याचा होता, आणि तसला रुसवा काढणे फार अवघड. फ्रेंच ऑटोमोबाईल क्लबने १९०५ मध्ये जागा वाढवायचा प्रस्ताव मांडला. त्यात फ्रान्सला इतरांपेक्षा कितीतरी जास्त गाड्या मिळणार होत्या, त्यामुळे बाकीचे देश राजी होईनात. अखेर १९०६ साली क्लबने चषकाची शर्यत भरवायला नकार दिला आणि स्वतःची नवी शर्यत जाहीर केली. तीत देशांना प्रवेश नव्हता, कारखान्यांना होता. प्रत्येक कारखान्याला तीन गाड्या. तीनचा आकडा तसाच राहिला, फक्त मोजण्याचे माप बदलले! बेनेटचा चषक तिथेच संपला.

मार्ग ठरवताना एक वेगळीच भुताटकी मानगुटीवर होती. त्याआधी मोटार शर्यती एका शहरापासून दुसऱ्या शहरापर्यंत होत. १८९५ साली पॅरिस-बोर्दो-पॅरिस हे सुमारे ११८० किलोमीटर अंतर एमिल लव्हासोरने जवळजवळ एकट्याने ४८ तास ४८ मिनिटांत कापले होते, तेव्हा सरासरी वेग ताशी चोवीस-पंचवीस किलोमीटर होता. आठ वर्षांत हा वेग चौपटीवर गेला. रस्ते मात्र तेच धुळीचे, आणि बघे रस्त्याच्या मधोमध उभे. २४ मे १९०३ ला पॅरिस-माद्रिद शर्यत निघाली आणि बोर्दोपर्यंत पोचेतोच इतके अपघात झाले की सरकारने ती तिथेच बंद पाडली. किमान आठ जण दगावले, त्यांत कारखानदार मार्सेल रेनो होता. गाड्या घोड्यांकरवी स्टेशनवर ओढून नेल्या आणि रेल्वेने परत पाठवल्या, असे सांगतात. मार्सेलचा भाऊ लुई याने त्यानंतर शर्यतीत गाडी हाकली नाही. त्याच्या शेजारी बसणारा त्याचा मेकॅनिक मात्र पुढे स्वतः चालक झाला. हंगेरीत जन्मलेला, यंत्रांत हात मुरलेला फेरेन्त्स सिस.

तर आता शर्यत बंदिस्त रस्त्यावरच हवी, हे नक्की. कोणत्या गावाजवळ, यासाठी गावागावांत चुरस लागली. ल माँ ज्यात येते त्या सार्त परगण्यातल्या मंडळींनी जानेवारी १९०६ मध्ये स्वतःचा ऑटोमोबाईल क्लबच काढला, स्थानिक पैसा उभा केला आणि मान पटकावला. हाच क्लब पुढे १९२३ पासून ल माँची चोवीस तासांची शर्यत भरवू लागला. त्यांनी आखलेला त्रिकोणी रस्ता ल माँजवळून निघून सां-काले आणि ला फेर्ते-बेर्नार या गावांकडून परत येई. एक फेरी १०३ किलोमीटरची. रोज सहा अशा दोन दिवसांत बारा फेऱ्या, म्हणजे एकूण सुमारे १२३८ किलोमीटर. पॅरिस-माद्रिदचा धडा घेऊन सुमारे ६५ किलोमीटर लांबीचे कुंपण घातले. दाट वस्ती टाळण्यासाठी सां-कालेजवळ लाकडी फळ्यांचा तात्पुरता रस्ता तयार केला. धूळ बसावी म्हणून मातीच्या रस्त्यावर डांबर ओतले. उपाय चांगला होता, पण जूनच्या उन्हाचा विचार कोणी केला नव्हता.

गाड्यांवरही एक शब्द खर्चायला हवा. नियम वजनाचा होता: जास्तीत जास्त १००० किलो, मॅग्नेटो (इंजिनात ठिणगी पाडणारे विजेचे यंत्र) असल्यास सात किलो अधिक. इंजिन किती मोठे असावे यावर बंधनच नव्हते. मग काय, कारखान्यांनी सांगाडा पोखरून हलका केला आणि त्यावर भलेमोठे इंजिन ठेवले. पानार्ड कंपनीचे इंजिन १८ लिटरच्या वर होते. रेनोचे त्या मानाने 'लहान', जेमतेम १३ लिटरचे! आज आपल्या रस्त्यावरच्या छोट्या गाडीचे इंजिन एक-सव्वा लिटरचे असते. इंधनालाही मर्यादा होती, शंभर किलोमीटरला ३० लिटर, पण ती कोणाला फारशी जाचली नाही. पहिले बक्षीस ४५,००० फ्रँकचे, म्हणजे त्या वेळच्या हिशेबाने १३ किलो सोने.

ब्रिटिश आले नाहीत. फ्रेंच मालाच्या जाहिरातीला आपण कशाला हजेरी लावायची, असा त्यांचा रोख होता, आणि तो अगदीच चुकीचा नव्हता. इटलीच्या फियाट व इताला आणि जर्मनीची मर्सिडीज एवढ्याच परदेशी कंपन्या. सुरुवातीच्या रेषेवर ३२ गाड्या आल्या आणि पहिल्या दिवशी सकाळी सहापासून दीड-दीड मिनिटाच्या अंतराने सुटल्या.

ऊन चढले तसे डांबर वितळले. पुढच्या गाडीच्या चाकांनी उडवलेले डांबर मागच्या चालकाच्या चेहऱ्यावर बसू लागले. रेनोच्या एदमाँ नावाच्या चालकाचा चष्मा फुटला आणि डांबर डोळ्यांत गेले. बदली चष्मा द्यायला पंचांनी नकार दिला, कारण सामान बदलायचे नाही असा नियम. बदली चालकही चालेना. तशाच डोळ्यांनी त्याने आणखी दोन फेऱ्या मारल्या आणि मग थांबला. सुरक्षेसाठी ओतलेल्या डांबराने असा सूड उगवला.

पण निकाल लावला तो टायरांनी. त्या तापल्या, खडबडीत रस्त्यावर ते भराभर फाटत, आणि गाडीला हात लावायची मुभा फक्त चालक व त्याच्या मेकॅनिकला होती. बाहेरच्या माणसाने स्पॅनरसुद्धा पुढे करायचा नाही. चाके बैलगाडीच्या चाकासारखी, लाकडी आऱ्यांची. टायर रिमवर घट्ट बसवलेला आणि रिम चाकाला कायमची जोडलेली. म्हणजे फाटलेला टायर सुरीने कापून काढा, नवा पहारीने चढवा, हवा भरा. पंधरा मिनिटे सहज जात. मिशेलिनने यावर तोड काढली होती. रिमच सुटी करायची, तिच्यावर हवा भरलेला टायर आधीच तयार ठेवायचा, आणि नट सैल करून अख्खी रिम बदलायची. काम चार मिनिटांच्या आत. रेनो आणि फियाटने ही युक्ती वापरली. पण सुटी रिम चाकामागे सुमारे नऊ किलो वजन वाढवी, त्यामुळे ज्यांच्या गाड्या आधीच हजार किलोला टेकल्या होत्या त्यांना ती घेताच आली नाही. मोठे इंजिन ठेवण्याचा मोह असा अंगाशी आला.

ब्राझिएच्या बारासने पहिल्या दिवशी सर्वांत वेगवान फेरी मारली, ताशी ११८ किलोमीटरची. संध्याकाळी पुढे मात्र रेनोचा सिस होता. रात्री गाड्या कुलपाआड ठेवल्या, म्हणजे कोणी गुपचूप दुरुस्ती करू नये. दुसऱ्या दिवशी सुटण्याची वेळ ठरवण्याची रीत मजेशीर होती: काल जितका वेळ लागला, आज घड्याळात तितके वाजता सुटायचे. सिसला ५ तास ४५ मिनिटे लागली होती, म्हणून तो पावणेसहाला सुटला. मोटारींच्या आवाजाला न बुजणारा, मुद्दाम शिकवलेला घोडा गाड्यांना रेषेपर्यंत ओढत आणी. जगातल्या सगळ्यांत वेगवान गाड्या, आणि पुढे घोडा!

सिसने आधी निवांत टायर बदलले, इंधन भरले आणि मग कूच केले. शेवटच्या फेऱ्यांत त्याच्या गाडीचे मागचे सस्पेन्शन मोडले, पण आघाडी एवढी होती की त्याने जपून हाकत शर्यत संपवली. एकूण वेळ १२ तास १४ मिनिटे, सरासरी ताशी १०१ किलोमीटर. फियाटचा फेलिचे नात्सारो ३२ मिनिटांनी मागे, क्लेमाँ-बायारचा आल्बेर क्लेमाँ त्याच्या पाठोपाठ तिसरा. ३२ पैकी ११ गाड्या पोचल्या.

जाहिरातीचा हिशेब रेनोच्या बाजूने चुकता झाला. १९०६ मध्ये सुमारे १,६०० गाड्या विकणाऱ्या या कारखान्याने पुढच्या वर्षी तीन हजारांच्या वर विकल्या. बाकी फ्रेंचांचा डाव मात्र उलटला. १९०७ ची ग्रांप्री दिएप गावी झाली, ती नात्सारोच्या फियाटने जिंकली. १९०८ ची मर्सिडीजने. फ्रेंच कारखानदारांचा उत्साह एकदम मावळला आणि १९१२ पर्यंत फ्रेंच क्लबची ग्रांप्री झालीच नाही.

पुढे १९२० च्या दशकात फ्रेंच क्लबने आपल्या जुन्या शर्यतींना मागे जाऊन क्रमांक दिले. शहराशहरांमधल्या शर्यतीही ग्रांप्रीच होत्या असे ठरवले आणि मोजणी १८९५ च्या लव्हासोरपासून धरली. त्या वहीत ल माँची १९०६ ची पहिली ग्रांप्री नववी आहे.